नाव, गाव, तारीख: माध्यम साक्षरतेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाचनालयांत, बचत गटांच्या बैठकांत आणि ज्येष्ठ नागरिक संघांच्या कट्ट्यांवर मोबाइलवरच्या बातम्यांविषयी बोलायला गेलं की हेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. सलग वाचायलाच हवं असं नाही, आपला प्रश्न शोधून तेवढंच वाचलं तरी चालेल.

मला वाचता येतं, मोबाइलही वापरता येतो. मग ही माध्यम साक्षरता आणखी काय?

समोर आलेला मजकूर कुणी तयार केला, कशासाठी केला, त्याला ही गोष्ट कळली कुठून आणि सांगताना त्यानं काय गाळलं, हे विचारायची सवय म्हणजे माध्यम साक्षरता. युनेस्कोच्या पुढाकारानं १९८२ मध्ये जर्मनीतल्या ग्रुनवाल्ड इथे एक जाहीरनामा निघाला आणि शाळांनी मुलांना हे शिकवावं असं त्यात मांडलं गेलं. तेव्हा डोळ्यांसमोर टीव्ही होता. आता दरवर्षी २४ ते ३१ ऑक्टोबर हा आठवडा जगभर या विषयासाठी पाळतात.

माझ्या दृष्टीनं मात्र गोष्ट अगदी साधी आहे. वर्तमानपत्राच्या कचेरीत बातमीदाराची बातमी आली की ती आधी उपसंपादकाच्या टेबलावर जाते. तो विचारतो: हा आकडा कुणी दिला, पोलिसांनी की शेजाऱ्यानं? नावाचं स्पेलिंग तपासलंस का? ज्याच्यावर आरोप आहे त्याला फोन केलास का? समाधान झालं नाही तर बातमी तिथेच अडते. आज मजकूर आपल्या हातात येतो तो हे टेबल टाळून. म्हणजे उपसंपादकाचं काम आता तुमच्यामाझ्यावर येऊन पडलं आहे, आणि ते आपल्याला कुणी शिकवलेलं नाही. खालची सगळी उत्तरं त्या कामाविषयीच आहेत.

अफवा पूर्वीही होत्याच की. मग मोबाइलला दोष कशाला?

होत्या, आणि भयंकर होत्या. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा लोकांत कुजबुज होती की इस्पितळात नेलेला माणूस परत येत नाही, तिथे माणसांच्या अंगातून मोमियाई, म्हणजे औषधी समजला जाणारा अर्क, काढतात. त्या ऑक्टोबरात गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला. तेव्हा मोबाइल नव्हता, रेडिओही नव्हता. पण घरात घुसून माणसं उचलून नेणारी यंत्रणा होती, आणि लोकांना त्यांच्या भाषेत, विश्वासानं समजावून सांगणारं जवळपास कुणी नव्हतं. भीती आहे आणि भरवशाचं माणूस गप्प आहे, अशा जागी अफवा रुजते. हे तेव्हाही खरं होतं, आजही आहे.

दुसरं उदाहरण पुष्कळांना आठवत असेल. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो अशी बातमी पसरली. दुपारपर्यंत देशभर देवळांबाहेर रांगा लागल्या आणि परदेशातल्या हिंदू मंदिरांतही त्याच दिवशी तेच सुरू झालं. भारतात मोबाइल सेवा सुरू होऊन तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. सगळं काम केलं ते घरच्या फोननं, एसटीडी बूथनं आणि तोंडोतोंडी सांगण्यानं. मूर्तीला टेकवलेल्या चमच्यातलं दूध पृष्ठताणामुळे आणि केशाकर्षणामुळे ओढलं जातं आणि पातळ थर होऊन खाली ओघळतं, हे शास्त्रज्ञांनी लगेच दाखवून दिलं. पण तोवर रांगा लागून गेल्या होत्या.

तेव्हा दोष एकट्या मोबाइलचा नाही. पण त्यानं अफवेला एक गोष्ट नव्यानं दिली. १८९६ ची अफवा कानावर यायची, आता ती फोटो आणि व्हिडिओ घेऊन येते. ‘ऐकलं’ असं म्हणणारा माणूस थोडा तरी साशंक असायचा. ‘मी डोळ्यांनी पाहिलं’ म्हणणाऱ्याला समजावणं फार कठीण जातं.

दर्पणपासून व्हॉट्सॲपपर्यंत साधनं बदलली. त्यात खरोखर बदललं काय?

वेग बदलला, हे उत्तर सगळेच देतात. ते खरं आहे, पण अपुरं आहे.

बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत दर्पण सुरू केलं. एका पानावर मराठी आणि इंग्रजी असे दोन स्तंभ शेजारी शेजारी. वर्गणीदार मोजके होते आणि १८४० मध्ये ते बंदही पडलं. पण छापलेल्या शब्दामागे कोण उभं आहे हे वाचणाऱ्याला ठाऊक होतं. पुढे भाऊ महाजनांच्या प्रभाकरमध्ये १८४८ पासून लोकहितवादींची पत्रं येऊ लागली. लेखक टोपणनावानं लिहीत होता, तरी पत्राची जबाबदारी घ्यायला भाऊ महाजन होतेच. लोक चिडले तर जाब विचारायला एक पत्ता होता.

१८५४ च्या ऑक्टोबरात अर्ध्या आण्याचं तिकीट आलं आणि त्यावर देशात कुठेही पत्र जाऊ लागलं. १८७९ मध्ये पाव आण्याचं पोस्टकार्ड आलं. कार्ड उघडं असायचं, पोस्टमनच ते वाचून दाखवायचा, पण त्यावर शिक्का असायचा: कुठून निघालं, कधी निघालं. तारेचंही तसंच. शब्दाला पैसे मोजावे लागत म्हणून माणसं क्रियापदंसुद्धा गाळायची, पण कुठल्या ऑफिसातून, किती वाजता तार सुटली हे त्या कागदावर लिहिलेलंच असायचं. ही सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. मुंबईचं रेडिओ केंद्र २३ जुलै १९२७ ला सुरू झालं. रेडिओवर आधी केंद्राचं नाव यायचं, मग बातम्या देणारा स्वतःचं नाव सांगायचा, मग बातमी. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबईत दूरदर्शन आलं, तिथे तर सांगणाऱ्याचा चेहराही दिसू लागला.

दीडशे-पावणेदोनशे वर्षांत साधनं कितीही बदलली, तरी निरोपाला तीन गोष्टी चिकटलेल्या राहिल्या: सांगणाऱ्याचं नाव, निरोप निघाला ते गाव, आणि तारीख. १९९५ मध्ये मोबाइल आणि इंटरनेट दोन्ही आपल्याकडे आले, तेव्हाही हे फारसं बिघडलं नाही. ई-मेलला पाठवणारा असतो, एसएमएसला नंबर असतो. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला, गावोगाव स्मार्टफोन पोचले आणि फॉरवर्डचं बटण सगळ्यांच्या अंगठ्याखाली आलं. फॉरवर्ड केलेल्या मजकुरातून नाव, गाव आणि तारीख तिन्ही पुसली जातात. तो कधी लिहिला गेला, कुठे, कुणी, काही राहत नाही. राहतो तो फक्त ज्यानं शेवटी पाठवला त्याचा चेहरा, आणि तो असतो आपल्या मावसभावाचा. अनोळखी मजकुराला ओळखीच्या माणसाचा चेहरा मिळतो. बाकीचा सगळा घोळ इथून सुरू होतो.

म्हणजे प्रत्येक मेसेजला ‘नाव, गाव, तारीख’ विचारायची?

हो. सुरुवात तिथूनच करा. ‘एका डॉक्टरांनी सांगितलं आहे’ यात नाव नाही. ‘आपल्या शेजारच्या तालुक्यात घडलं’ यात गाव नाही, कारण वाचणारा प्रत्येक जण आपल्याच शेजारचा तालुका समजतो. ‘आज रात्री’, ‘उद्यापासून’ यात तारीख नाही, असा मेसेज दहा वर्षं रोज नवा दिसतो. तिन्ही नसलेला मजकूर खोटाच असेल असं नाही. पण तो पुढे पाठवण्याइतका तयार नाही, एवढं नक्की.

एका मेसेजनं असं काय होतं? बहुतेक लोक तर वाचून सोडून देतात.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा गावचा बाजार भरला होता. सोलापूर जिल्ह्यातून आलेली नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं तिथे भिक्षा मागत होती. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे असे मेसेज त्या भागात आधीच मोबाइलवर फिरत होते. कुणाला तरी संशय आला, जमाव जमला, आणि ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून त्या पाचही जणांना ठार मारलं गेलं.

त्या वर्षी देशभर फिरलेल्या अशाच मेसेजांसोबत एक व्हिडिओ यायचा. रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला मोटारसायकलवरचे दोघे उचलून नेतात, असा. तो कराचीत बनवलेल्या जनजागृतीच्या चित्रफितीचा तुकडा होता. मूळ चित्रफितीत ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि पालकांनी सावध राहावं असा फलक दाखवतात. शेवटचे काही सेकंद कापले आणि मुलांच्या काळजीपोटी केलेली गोष्ट माणसं मारायला कारण झाली. व्हिडिओ बनावट नव्हता, तो फक्त कापलेला होता.

त्याच जुलैत व्हॉट्सॲपनं भारतात एकावेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा जाहीर केली. एप्रिल २०२० मध्ये वारंवार पुढे गेलेल्या मजकुरासाठी ती एकावर आणली. असा मजकूर दुहेरी बाणांनी ओळखता येतो. दुहेरी बाण दिसला की समजा, पाठवणाऱ्यानं हे लिहिलेलं नाही आणि बहुधा तपासलेलंही नाही.

जीव न जाताही माणसं उद्ध्वस्त होतात. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये चिकन खाल्ल्यानं कोरोना होतो असे मेसेज फिरले. राज्यात कोंबड्यांचे दर इतके कोसळले की पोल्ट्रीवाल्यांना खाद्याचा खर्चही सुटेना. कर्ज काढून शेड उभारलेल्या शेतकऱ्याचं नुकसान करायचं म्हणून कुणी तो मेसेज पाठवला नव्हता. घरच्यांच्या काळजीनं पाठवला होता.

पावसाळ्यात धरणाचे आणि पुराचे मेसेज येतात. खरे कुठले, हे कसं ओळखायचं?

यावर थोडं सविस्तर लिहितो. कोल्हापूर-सांगलीकडे हा दरवर्षीचा प्रश्न आहे, आणि इथे चुकीचा मेसेज दोन्हीकडून घात करतो: उगाच पळापळ होते, नाहीतर खरा इशारा आला तरी लोक हलत नाहीत.

समजा मेसेज आला: ‘राधानगरीचे सर्व दरवाजे उघडले! कोल्हापूरकरांनो, सावधान!’ सोबत धो धो पाण्याचा व्हिडिओ. राधानगरीचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. धरण भरलं की पाण्याच्या दाबानं ते आपोआप उघडतात आणि पातळी उतरली की आपोआप मिटतात. म्हणून खऱ्या माहितीत दरवाजाचा क्रमांक असतो, वेळ असते, आणि विसर्ग क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी सुटतं या हिशोबात, असतो. एका दरवाजातून साधारण १४२८ क्युसेक पाणी सुटतं. ‘सकाळी अमुक वाजता क्रमांक ६ चा दरवाजा उघडला, विसर्ग इतका’ अशी भाषा असेल तर लिहिणाऱ्याला धरणाची माहिती आहे. नुसतं ‘सर्व दरवाजे’ आणि चार उद्गारचिन्हं असतील तर थांबा. सकाळी खरी असलेली गोष्ट संध्याकाळी खोटी झालेली असू शकते, कारण तोवर दरवाजे मिटलेले असतात आणि मेसेज मात्र फिरतच असतो.

पातळीचंही असंच. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. तिथे इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. सांगलीत कृष्णेची मोजणी आयर्विन पुलाजवळ होते, तिथे इशारा ४० आणि धोका ४५ फूट. ‘नदी ४३ फुटांवर’ एवढंच लिहिलेलं असेल तर विचारा: कुठली नदी, कुठल्या पट्टीवर, किती वाजता? ४३ फूट म्हणजे कोल्हापुरात धोका पातळी, सांगलीत मात्र ती अजून दोन फूट लांब.

आता व्हिडिओ. २०१९ आणि २०२१ च्या पुरात राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या पलीकडे गेलं होतं आणि तेव्हाचे शेकडो व्हिडिओ लोकांच्या फोनमध्ये आहेत. दर पावसात ते पुन्हा निघतात. पाण्याकडे बघू नका, पाणी सगळीकडे सारखंच दिसतं. कडेला बघा. दुकानाची पाटी कुठल्या लिपीत आहे? गाडीच्या पाटीवर एमएच आहे की दुसरंच राज्य? माणसांनी मास्क घातलेत का? असतील तर २०२० किंवा २०२१ चा संशय घ्या. होर्डिंगवर कुणाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा आहेत, कुठल्या निवडणुकीची जाहिरात आहे? आवाज वाढवून ऐका, मागची माणसं काय भाषा बोलतात, कुठल्या वळणाची? गावाचा माणूस या खुणा कुठल्याही यंत्रापेक्षा लवकर ओळखतो. आणि शेवटी ज्याचं हे काम आहे त्याची माहिती बघा: जिल्हा माहिती कार्यालय, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्ष, जलसंपदा विभाग. त्यांचे नंबर पावसाळ्याआधीच फोनमध्ये साठवून ठेवा. पाणी दारात आल्यावर शोधत बसायला वेळ मिळत नाही.

फोटो जुना आहे का, हे मोबाइलवरून कसं शोधायचं?

गुगल लेन्स उघडा, गॅलरीतला तो फोटो निवडा. तोच किंवा तसाच फोटो इंटरनेटवर कुठे कुठे आहे ते दिसेल. त्यातली सगळ्यात जुनी तारीख शोधा. आजच्या घटनेचा म्हणून आलेला फोटो चार वर्षांपूर्वीच्या बातमीत सापडला तर प्रश्न मिटला. व्हिडिओ असेल तर तो मध्येच थांबवून, पाटी किंवा चेहरा स्पष्ट दिसेल अशा जागी स्क्रीनशॉट घ्या आणि तो शोधा. काहीच सापडलं नाही याचा अर्थ फोटो खरा असा मात्र घेऊ नका. त्याचा अर्थ एवढाच की अजून कळलेलं नाही.

वर्तमानपत्रात छापून आलं म्हणजे खरं, असं समजायचं का?

मोबाइलवरच्या निनावी मजकुरापेक्षा जास्त भरवसा ठेवा, पण आंधळेपणानं नको. घरात येणाऱ्या पेपरच्या शेवटच्या पानावर अगदी तळाशी एक बारीक ओळ असते: हे वृत्तपत्र अमुक यांनी अमुक छापखान्यात छापून अमुक ठिकाणी प्रसिद्ध केलं, संपादक अमुक. कायद्यानुसार बातम्यांच्या निवडीची जबाबदारी कुणाची हेही तिथे असतं. ही पद्धत १८६७ च्या कायद्यापासून चालत आली आहे. त्या कायद्याच्या जागी २०२३ चा नवा कायदा आला आणि १ मार्च २०२४ पासून लागू झाला. मुलांना पेपर दाखवताना मी आधी ही ओळ वाचायला लावतो. चुकलं तर कुणाला पत्र लिहायचं, कुणावर दावा लावायचा, हे तिथे छापलेलं असतं.

पण पेपरमध्येही सगळं बातमी म्हणून येत नाही. २००९ च्या विधानसभा निवडणुकीनंतर पत्रकार पी. साईनाथ यांनी दाखवून दिलं की आपल्याच राज्यात वेगवेगळ्या वर्तमानपत्रांत एका नेत्याविषयीचा मजकूर शब्दशः सारखा छापून आला होता. पैसे घेऊन बातमी छापण्याचा हा प्रकार पुढे प्रेस कौन्सिलपर्यंत गेला. तेव्हा पानाच्या कोपऱ्यात ‘जाहिरात’, ‘प्रायोजित’, ‘इम्पॅक्ट फीचर’ असं बारीक अक्षरात काही आहे का ते बघा. बातमीदाराचं नाव आहे का बघा. आणि एकाच विषयावर दोन पेपर वाचा. वाचनालयात हे फुकट करता येतं, म्हणून मला वाचनालयं टिकावीत असं मनापासून वाटतं.

चॅनलांबाबतही हीच कसोटी. २०१६ मध्ये नवी दोन हजारांची नोट आली तेव्हा तिच्यात चिप आहे आणि ती जमिनीखाली लपवली तरी सापडते, ही गोष्ट मोबाइलवरून निघून काही चॅनलांच्या पडद्यावर गेली. रिझर्व्ह बँकेनं नोटेची वैशिष्ट्यं जाहीर केली होती, त्यात चिपचा उल्लेखही नव्हता. ती यादी वाचायला पाच मिनिटंही लागली नसती.

मला फोनवर सगळीकडे एकाच बाजूचं का दिसतं?

तुम्ही कशावर थांबता, हे ॲप मोजत असतं. रागानं थांबलात तरी ते थांबणंच. मग तसंच आणखी दाखवलं जातं, कारण तुम्ही जितका वेळ थांबाल तितक्या जाहिराती दिसणार. उपाय म्हणून समोर येईल ते बघण्यापेक्षा जे बघायचं आहे ते स्वतः शोधून बघा.

एआयनं बनवलेला आवाज किंवा चेहरा ओळखता येतो का?

पूर्वी बोटं सहा निघायची, पापण्या मिटायच्या नाहीत. त्या खुणांवर आता विसंबू नका, तंत्र रोज सुधारतं आहे. ओळखीचा आवाज घाबरून पैसे मागत असेल तर फोन ठेवा आणि आपल्याकडे असलेल्या जुन्या नंबरवर स्वतः फोन करा. घरातल्या माणसांनी आपसांत एखादा परवलीचा शब्द ठरवून ठेवावा. आजीच्या माहेरचं आडनाव नको, ते बाहेरच्यांनाही ठाऊक असतं.

याच्याच जवळचा प्रकार म्हणजे ‘डिजिटल अटक’. गणवेशातला माणूस व्हिडिओ कॉलवर येतो, तुमच्या नावानं पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत म्हणतो, कॅमेऱ्यासमोरून हलू देत नाही, कुणाला सांगूही देत नाही. भारतीय कायद्यात डिजिटल अटक नावाची गोष्टच नाही. कुठलाही पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही आणि चौकशीसाठी पैसे ‘तपासायला’ मागत नाही. पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका, लगेच १९३० या सायबर गुन्ह्यांच्या मदत क्रमांकावर फोन करा. जितका लवकर कराल तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता जास्त. शिकलेली, मोठ्या हुद्द्यांवरून निवृत्त झालेली माणसंही यात फसली आहेत. ती मूर्ख नाहीत, त्यांना घाबरवलं गेलं होतं.

आमचे काका घरच्या ग्रुपवर रोज काहीतरी टाकतात. त्यांना कसं सांगू? वाईट वाटेल.

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि मला तो सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण यात खोटं थांबवायचं आहे आणि माणूसही जपायचं आहे.

ग्रुपवर उत्तर देऊ नका. पंधरा नातेवाइकांसमोर भाच्या-पुतण्यांनी ‘हे फेक आहे’ म्हटलं की काका चुकले हा मुद्दा मागे पडतो आणि त्यांचा अपमान झाला हा मुद्दा उरतो. फोन करा. आधी चौकशी करा, गुडघ्याचं विचारा. मग म्हणा, ‘काका, ते लिंबू-सोड्याचं तुम्ही टाकलंत ना, ते मी जरा शोधलं. ज्या डॉक्टरांचं नाव आहे त्यांनी स्वतःच सांगितलंय की हे त्यांचं नाही. तुम्हीच ग्रुपवर लिहाल का? तुमचं सगळे ऐकतात.’ दुरुस्ती त्यांच्याच हातून झाली तर त्यांचा मान राहतो, आणि पुढच्या वेळी ते पाठवण्याआधी तुम्हाला विचारतात. हे मी कितीतरी घरांत घडताना पाहिलं आहे.

आणखी एक लक्षात घ्या. निवृत्त माणसाला दिवसभरात बोलायला फारसं कुणी नसतं. सकाळचा मेसेज म्हणजे ‘मी आहे, तुमची आठवण काढतोय’ असं सांगणं असतं. तुम्ही स्वतः अधूनमधून फोन केलात तर फॉरवर्डही कमी होतात.

चुकीचा मेसेज पाठवला तर पोलीस पकडतात का? ग्रुप ॲडमिनवर गुन्हा होतो का?

आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराबद्दल शिक्षा देणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं. पालघरमध्ये २०१२ मध्ये एका फेसबुक पोस्टवरून दोन तरुणींना अटक झाली होती, त्या संतापातून हा खटला उभा राहिला. पण याचा अर्थ सगळं माफ असा नाही. लोकांत भीती किंवा समाजासमाजांत वैर पसरेल अशी खोटी माहिती पसरवणं हा भारतीय न्याय संहितेत आजही गुन्हा आहे, त्याचं कलम ३५३ आहे.

ॲडमिनबद्दल: दुसऱ्या सदस्यानं टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी निव्वळ ॲडमिन म्हणून कुणाला गुन्हेगार धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये म्हटलं. त्यात त्याचाही हात असेल तर गोष्ट वेगळी.

खरं-खोटं ठरवायला सरकारी फॅक्ट चेक आहेच. तेवढं पुरत नाही का?

सरकारी योजना, भरती, शासन निर्णय याबद्दलच्या खोट्या मेसेजांसाठी पीआयबी (केंद्र सरकारचं पत्र सूचना कार्यालय) फॅक्ट चेकचा उपयोग होतो, जरूर बघा. पण सरकारविषयीच्या बातमीत सरकारच न्यायाधीश असू नये. केंद्रानं नियमांत बदल करून आपल्या कामकाजाविषयीचा कुठला मजकूर खोटा हे ठरवायचा अधिकार स्वतःच्या कक्षाकडे घेतला होता. मुंबई उच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२४ मध्ये तो बदल घटनाबाह्य ठरवला. मला तो निकाल योग्य वाटतो. स्वतंत्रपणे पडताळणी करणारे गट आहेत, त्यातले काही मराठीतही काम करतात. त्यांनी निष्कर्षापर्यंत पोचायची वाट दाखवली आहे का ते बघा. नुसता लाल शिक्का मारलेला स्क्रीनशॉट म्हणजे पडताळणी नव्हे.

मुलांना हे कुठल्या वयात शिकवायचं?

फोन हातात आला की. केरळमध्ये कन्नूर जिल्ह्यात सरकारी शाळांत खोट्या बातम्या ओळखायचे तास घेतले गेले, आणि ते काम जिल्हाधिकाऱ्यांच्या पुढाकारानं झालं. आपल्याकडे कुठल्याही शाळेला हे करता येईल. एक पेपर, एक फोन, आठवड्याचा एक तास. मुलं पटकन शिकतात आणि घरी जाऊन आजोबांना शिकवतात.

माझ्या हातून चुकीचा मेसेज गेला. आता काय करू?

लगेच लक्षात आलं तर ‘सर्वांसाठी हटवा’ करा. व्हॉट्सॲपवर त्यासाठी साधारण दोन दिवसांची मुदत असते. पण हटवून थांबू नका, तोवर काहींनी तो वाचलेला आणि पुढे पाठवलेला असतो. ज्या ज्या ग्रुपवर टाकला होता तिथे दोन ओळी लिहा: ‘काल मी टाकलेला अमुक मेसेज चुकीचा होता. खरी माहिती अशी आहे. कुणी पुढे पाठवला असेल तर तिथेही कृपया कळवा.’ खाली आपलं नाव, गाव आणि तारीख घाला. कारण हा मेसेजही कुणीतरी फॉरवर्ड करणार आहे.